एलिझाबेथन एक्सप्रेस (१९५४) : न थांबणारी गाडी आणि टेंडरमधला बोळ

तापीकाठ (धागाकर्ता)

गेल्या रविवारी क्रिकेट नव्हतं, त्यामुळे अण्णांना काहीतरी लावून देणं भाग होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ८४. भुसावळच्या लोको शेडात १९६२ साली क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारे) झाले आणि निवृत्त झाले तेव्हा इलेक्ट्रिक इंजिन चालवत होते. मालिकांचा त्यांना तिटकारा. म्हणून मी 'एलिझाबेथन एक्सप्रेस' लावली. १९५४ची, कृष्णधवल, वीस मिनिटांची इंग्रजी डॉक्युमेंटरी. बनवणारी संस्था ब्रिटिश ट्रान्सपोर्ट फिल्म्स, दिग्दर्शक टोनी थॉम्पसन, निर्माता एडगर ॲन्स्टी.

गोष्ट म्हणावी तर काहीच नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून गाडी सुटते आणि एडिंबरोच्या वेव्हर्लीला पोचते. मध्ये थांबत नाही, बस्स. पण ते 'मध्ये' म्हणजे ३९३ मैल! ६३२ किलोमीटर, साडेसहा तासांत. म्हणजे आपल्या सीएसएमटीवरून निघालेली गाडी कल्याण, नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला सगळी मागे टाकून थेट बडनेऱ्याच्या आसपास पहिल्यांदा उभी राहावी. तेही कोळशाच्या इंजिनावर. त्या काळी न थांबता एवढं अंतर कापणारी दुसरी गाडी जगात नव्हती. १९५३ साली एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला, त्यावरून गाडीला हे नाव मिळालं. आधीचं नाव 'कॅपिटल्स लिमिटेड'. धावायची फक्त उन्हाळ्यात.

फिल्ममधल्या इंजिनाचं नाव 'सिल्व्हर फॉक्स', नंबर ६००१७. नायजेल ग्रेझली या इंजिनिअरने आखलेल्या ए-फोर जातीचं. नाक उतरतं, पाचरीसारखं, आणि शिट्टी अशी की दोन-तीन सूर एकदम निघावेत. ही जात १९३५ साली आली, एकूण ३५ इंजिनं झाली. याच जातीच्या 'मॅलार्ड'ने ३ जुलै १९३८ला ताशी १२६ मैलांचा विक्रम केला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

आता मुद्दा. मी आजवर ही फिल्म चार-पाच वेळा पाहिली होती, ती इंजिनासाठी आणि पुलांसाठी. अण्णा ढिम्म बसून बघत होते. निम्मा प्रवास संपल्यावर यॉर्कच्या पुढे कुठेतरी दुसरे ड्रायव्हर-फायरमन डब्यातून उठतात, टेंडरच्या (इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) पोटातल्या अरुंद बोळातून चालत इंजिनावर येतात आणि पहिले दोघे त्याच बोळातून मागे जातात. गाडी पळतेच आहे.

तिथे अण्णा एकदम पुढे सरकले. "परत लाव."

परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाले, "चार्ज चालत्या गाडीत दिला!" पुढचा अर्धा तास ते दुसरं काही बोललेच नाहीत.

तर कुणी पाहिली आहे का ही फिल्म? बोलूया.

---

मिसळ_कट्टा

भारी! वाचनखूण साठवली. एक शंका : साडेसहा तास वाफ करायला पाणी किती लागत असेल? ते टेंडर आहे की उजनी धरण?

---

रुळावरचा

@मिसळ_कट्टा, खरी गंमत तिथेच आहे. टेंडरमध्ये मावायचं पाच हजार गॅलन, म्हणजे साधारण २२,७०० लिटर. एवढ्यावर एडिंबरो गाठणं अशक्य. म्हणून वाटेत ठराविक ठिकाणी दोन रुळांच्या मधोमध लांबच लांब उथळ पन्हळ्या बसवलेल्या असत. पाचशे-सहाशे मीटर लांब, काही इंच खोल, पाण्याने भरलेल्या. गाडी त्यावरून जाताना फायरमन टेंडरखालची पळी खाली सोडतो. गाडीच्या वेगानेच पाणी त्या पळीत घुसतं आणि नळीतून वर चढून टाकीत पडतं. पंप नाही, काही नाही. वेग कमी असेल तर पाणी चढत नाही. पळी उचलायला उशीर झाला तर टाकी भरून पाणी उसळतं आणि पहिल्या डब्यात खिडकी उघडी ठेवून बसलेल्यांची आंघोळ होते.

ही युक्ती जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंजिनिअरची, १८६०ची. पन्हळीसाठी जमीन अगदी सपाट लागते, चढाउतारावर पाणी एका टोकाला जमणार. हिवाळ्यात बर्फ होतो तो वेगळाच. लंडन-एडिंबरो मार्गावर अशा पन्हळ्या सहा ठिकाणी होत्या. त्यांतली एक चुकली तर न थांबण्याची सगळी ऐट पाण्यात (किंवा पाण्याविना).

---

खमंग_चकली

मी पाहिली आहे आणि मला ती निवेदनामुळे सहन झाली नाही. संपूर्ण कॉमेंट्री पद्यात! वीस मिनिटं अखंड र ला र, ट ला ट. गाडी कुठे आहे हे कळायच्या आधी पुढचं यमक येऊन आदळतं. चित्रं इतकी सुंदर असताना मध्ये मध्ये बोलायचं कशाला? आवाज बंद करून बघितली तेव्हा आवडली, पण मग इंजिनाचा आवाजही गेला. नशीबच.

---

शब्दवेडी

चकली, तुझं निम्मं पटलं. पॉल ल सो यांनी लिहिलेलं ते पद्य कविता म्हणून सामान्यच आहे, पण ते असं का लिहिलं हे समजायला मागे जावं लागतं. १९३६ साली जीपीओ, म्हणजे ब्रिटिश टपाल खात्याच्या फिल्म युनिटने 'नाइट मेल' काढली. लंडनहून स्कॉटलंडला रात्री टपाल घेऊन जाणाऱ्या गाडीवर. दिग्दर्शक हॅरी वॉट आणि बेसिल राइट, कविता डब्ल्यू. एच. ऑडेन यांची, संगीत बेंजामिन ब्रिटनचं. त्यात कविता येते ती शेवटच्या काही मिनिटांतच. तोवर माणसं बोलतात, पत्रं वर्गवारीच्या खणांत पडत राहतात. त्यामुळे ती कविता सुरू झाली की अंगावर काटा येतो, कारण तिची लय चाकांची लय आहे.

त्या फिल्मने असा काही दबदबा निर्माण केला की पुढे आगगाडीवर डॉक्युमेंटरी म्हटली की पद्य आलंच. ॲन्स्टी स्वतः त्याच तालमीतले, म्हणजे ब्रिटिश डॉक्युमेंटरीचा पाया घालणाऱ्या जॉन ग्रिअरसनच्या. पण 'एलिझाबेथन'वाल्यांनी चिमूटभर मिठाच्या जागी वाटीभर घातलं.

जाता जाता, 'नाइट मेल'मधला पत्रं लावण्याचा डबा खरा नाही! स्टुडिओत उभारलेला सेट आहे. आतली माणसं मात्र खरे टपाल कर्मचारी. गाडी चालल्यासारखं दिसावं म्हणून त्यांना डुलत काम करायला सांगितलं होतं. हे कळल्यावर परत बघा, डुलण्याकडेच लक्ष जातं.

---

मिसळ_कट्टा

पद्याला शिव्या घालण्याआधी आपण लिहून दाखवायचं असतं. (हलके घ्या.)

रुपेरी कोल्हा धावत सुटला, धूर मागुती लोळे
चारशे मैलांमध्ये एकदा मिटले नाहीत डोळे

---

खमंग_चकली

डोळे कसले, पुढ्यात बॉयलर, दिसतं कुठे काही?
मुंडी काढुनी सिग्नल शोधी ड्रायव्हर डावीबाजूही

घ्या. आता मलाही समज नको, शिव्याच द्या.

---

शब्दवेडी

हसून हसून पुरेवाट. 'डावीबाजूही'! पॉल ल सो यांची माफी मागते, त्यांचं बरं होतं.

---

यॉर्ककर

इंग्लंडात यॉर्कला राहतो, म्हणून चार ओळी. इथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 'मॅलार्ड' उभं असतं. पण तापीकाठ ज्या बोळाबद्दल म्हणताहेत तो मी 'फ्लाइंग स्कॉट्समन' या दुसऱ्या जुन्या इंजिनाच्या टेंडरमध्ये पाहिला. उंची पाच फूट, रुंदी दीड फूट. दीड फूट म्हणजे किती हे वाचून कळत नाही. मी सडपातळ नाही, तर खांदे तिरके करून, मान वाकवून जावं लागलं. एका बाजूला पत्र्यापलीकडे कोळसा-पाणी, आत जवळपास अंधार. हे सगळं ताशी साठ-सत्तर मैलांवर हलत असताना, हातात जेवणाचा डबा घेऊन जायचं.

हे टेंडर ग्रेझलीने १९२८ साली आणलं. सांगतात की माणूस किती अरुंद जागेतून जाऊ शकतो हे ठरवायला त्याने घरात खुर्च्या मांडून, खुर्च्या आणि भिंत यांच्यामधून स्वतः सरकून बघितलं. साहेब चांगला धिप्पाड होता, त्यामुळे तो गेला म्हणजे कुणीही जाईल.

तेव्हा दोन कंपन्यांची चुरस होती. पूर्वेकडच्या एलएनईआरने १ मे १९२८पासून लंडन-एडिंबरो न थांबता गाडी सुरू करण्याचा गाजावाजा केला. पश्चिमेकडच्या एलएमएसने काय करावं? चारच दिवस आधी, २७ एप्रिलला, आपली एक गाडी गुपचूप लंडनहून एडिंबरोला न थांबता नेऊन दाखवली. तिच्या टेंडरमध्ये बोळ वगैरे काही नव्हता. एकदाच करायचं होतं ना! रोज करायचं तर बोळ लागतो.

आणि आपल्या लोकांसाठी खास. याच ए-फोर जातीतल्या एका इंजिनाचं नाव होतं 'एम्पायर ऑफ इंडिया'. १९३७चं, पुढे नंबर ६००११, राहायचं एडिंबरोच्या हेमार्केट शेडात. १९४७ साली साम्राज्य गेलं, पाटी तशीच. १९६४ साली इंजिन मोडीत निघेपर्यंत ते नाव अंगावर घेऊन फिरत होतं.

---

खवट_म्हातारा

१७ वर्षं पाटी बदलायला सवड झाली नाही. आपल्याकडेच असं होतं असं वाटायचं.

बाकी भक्तिभावाने बघणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. ही जाहिरात आहे. १९४८ साली तिकडची रेल्वे सरकारी झाली, १९४९ला ही फिल्म संस्था काढली, ती रेल्वेचं कौतुक करायलाच. म्हणून सगळे हसतमुख, सगळे वेळेवर, जेवणाच्या डब्यात टेबलावर पांढरं कापड. आमच्या पिढीने सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रं आणि माहितीपट सक्तीने पाहिलेत. धरण बांधलं, भाक्रा नांगल, सगळे हसताहेत. तोच साचा. फिल्म्स डिव्हिजनही १९४८चीच, आणि तिच्या डोक्यातही ग्रिअरसनचीच शाळा होती.

---

शब्दवेडी

काका, जाहिरात आहेच. पण त्या पांढऱ्या कापडाकडे १९५४च्या डोळ्यांनी बघा. इंग्लंडात युद्धकाळात सुरू झालेलं रेशनिंग पूर्ण संपलं ते जुलै १९५४मध्ये, मांस सगळ्यांत शेवटी खुलं झालं. चौदा वर्षं कूपन फाडून जेवलेल्या माणसाला धावत्या गाडीत वाढलेली भरली थाळी बघून काय वाटलं असेल? मला तरी ती जाहिरात इंजिनाची कमी आणि जेवणाची जास्त वाटली.

---

रुळावरचा

आणि जाहिरात असूनही ती काय दाखवते हे बघा ना. कोण राणी, कोण मंत्री, काही नाही. ड्रायव्हर, फायरमन, केबिनमधला सिग्नलवाला, रुळावर काम करणारी गँग, वाढपी. ज्यांना आपण गाडीत बसून कधी बघत नाही ते.

यात एक करुण भाग आहे. जानेवारी १९५५मध्ये, म्हणजे फिल्म आली त्याच्या पुढच्याच वर्षी, ब्रिटिश रेल्वेने आधुनिकीकरणाची योजना जाहीर केली : वाफ बंद, डिझेल आणि वीज. १९६१चा उन्हाळा हा वाफेवरच्या 'एलिझाबेथन'चा शेवटचा. नंतर डेल्टिक जातीची डिझेलं आली आणि गाडी माणसं बदलायला वाटेत थांबू लागली. डिझेलमध्ये कुठला बोळ! 'सिल्व्हर फॉक्स' १९६३ साली भंगारात. ३५पैकी सहा इंजिनं वाचली, त्यात ते नाही. म्हणजे ते इंजिन आता या वीस मिनिटांतच काय ते धावतं.

---

छायाप्रकाश

धाग्यावर कॅमेऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लॉगिन केलं.

गाडी दिवसातून एका दिशेला एकदाच. फिल्ममध्ये कॅमेरा कधी इंजिनावर, कधी डब्यात, कधी रुळाशेजारी. उघड आहे की एका फेरीत हे झालेलं नाही. अनेक फेऱ्यांचे तुकडे जोडून एक प्रवास केलाय. तरी प्रकाशाचं भान इतकं नीट सांभाळलंय की सकाळ ते दुपार सरकताना जाणवतं. फायरहोल उघडल्यावर चेहऱ्यावर येणारा उजेड बघा, काळ्या-पांढऱ्यातही भट्टी तापलेली वाटते.

हा कॅमेरा चालवणारा तरुण म्हणजे बिली विल्यम्स. ओळख पटली? त्याला १९८३ साली रॉनी टेलरबरोबर ऑस्कर मिळालं ते ॲटनबरोंच्या 'गांधी'साठी. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ज्या सिनेमाचं चित्रीकरण झालं तोच. वीस मिनिटांच्या रेल्वेच्या फिल्मवर हात बसलेला माणूस पुढे आपल्याकडे येऊन थर्ड क्लासचे डबे टिपतो, हे मला फार आवडतं.

---

मिसळ_कट्टा

@छायाप्रकाश, हे माहीतच नव्हतं! टोपी काढली.

आता अवांतर प्रश्न : आपल्याकडे एवढा वेग का नव्हता? इंजिनं तर त्यांचीच होती.

---

रुळावरचा

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. १९२०च्या दशकात भारतासाठी एक्सबी नावाची पॅसिफिक जातीची इंजिनं आणली. वेगात ती रुळांवर डावी-उजवीकडे हेलकावे खायची, इतकी की रूळच वाकडे व्हायचे. १७ जुलै १९३७ला पाटण्याजवळ बिहटा इथे अशाच इंजिनाची गाडी घसरली, शंभरहून जास्त माणसं गेली. मग पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी नेमली गेली, ॲलन माउंट अध्यक्ष. सदस्यांत विल्यम स्टॅनिअर होते, ग्रेझलीचे तिकडचे तोडीस तोड प्रतिस्पर्धी. ते स्वतः इकडे आले होते.

त्या धड्यांनंतर आलं आपलं डब्ल्यूपी. १९४७ साली अमेरिकेतून पहिली तुकडी आली, बाल्डविन कंपनीची. बंदुकीच्या गोळीसारखं नाक, त्यावर चांदणी. आमच्या पिढीचं 'मेलचं इंजिन' म्हणजे तेच. तापीकाठ, तुमच्या अण्णांनी बहुतेक यावरच फावडं चालवलं असणार. त्यांना विचारा ना, त्या फिल्ममधल्या फायरमनबद्दल त्यांचं काय मत?

---

खवट_म्हातारा

हो, जाहिरात की खरं, ते अण्णाच सांगतील. वाट बघतोय.

---

तापीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काल हा धागा अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला आणि फिल्म परत लावली. चकलीच्या 'डावीबाजूही'वर ते हसले, म्हणाले, मुंडी बाहेर काढल्यावर डोळ्यात कोळशाचा कण जातो ते नाही लिहिलं पोरीने. बाकी जसं बोलले तसं लिहितो.

काकांच्या प्रश्नावर : "कपडे खोटे. एवढी स्वच्छ कॉलर भट्टीसमोर अर्धा तास राहत नाही. काम खरं. त्याचे पाय बघ." मी आतापर्यंत त्या फायरमनचे हात बघत होतो. अण्णांनी फिल्म थांबवून दाखवलं. तो टेंडरकडून भट्टीकडे वळताना पावलं उचलत नाही, टाचेवर फिरतो. "फावडं हाताने मारणारा दोन स्टेशनांत बसतो. पायाने मारणारा मनमाडला पोचतो."

भुसावळ ते मनमाड १८४ किलोमीटर. मेल असली तरी जळगाव, पाचोरा, चाळीसगाव असे थांबे. तिथे भट्टीत सळई घालून राख खाली पाडायची, कोळसा पुढे ओढायचा, वॉटर कॉलमची सोंड टेंडरवर ओढून पाणी भरायचं. डब्ल्यूपीवर ड्रायव्हरबरोबर दोन फायरमन, एक भट्टीला आणि एक कोळसा फोडायला. तिकडे एकटाच, हे बघून त्यांना आधी विश्वास बसेना. मग स्वतःच म्हणाले, "कोळसा चांगला असेल. आपल्या कोळशात राखच निम्मी. आपल्या कोळशावर सहा तास न थांबता? जाळी बुजून स्टीम पडली असती." रुळावरचा, वेगाचं उत्तर तुमचं, न थांबण्याचं उत्तर हे.

पन्हळीतून पाणी घेण्याबद्दल ते फक्त "चैन आहे" म्हणाले.

मग मी मूळ प्रश्न विचारला : चार्ज देण्याच्या त्या दृश्यात एवढं काय होतं? तीनदा का बघितलं?

म्हणाले, "नवीन माणूस आल्या आल्या काय करतो ते बघत होतो. ड्रायव्हर समोर बघतो. फायरमन आधी ग्लास बघतो, पाणी किती ते. मग भट्टीत वाकून बघतो. दुसऱ्याने लावलेली आग असते ती. कुठे जाड, कुठे पातळ, कुठे भोक पडलंय. आपल्याकडे हे उभ्या गाडीत व्हायचं, पाच मिनिटं मिळायची, एकमेकांना शिव्या द्यायलाही वेळ असायचा. इथे त्याला तेवढा वेळ नाही. आग जशी मिळाली तशी घ्यायची."

आणि परत बोळातून मागे गेलेला? साडेतीन तास उभा राहून तो आता गादीच्या सीटवर बसणार, मस्त झोपणार, मी म्हटलं.

"झोप कसली येते. पुढेच इंजिन आहे, आवाज येतो ना. चढावर तो धापा टाकायला लागला की कळतं, याने आग मरू दिली. डब्यात बसून नुसतं ऐकायचं, उठून जाता येत नाही." थोडं थांबून म्हणाले, "इगतपुरीहून वीज भुसावळकडे सरकली तेव्हा आम्हाला ट्रेनिंगला पाठवलं. येताना मी डब्यात होतो, पुढे आमच्याच शेडाचं डब्ल्यूपी. नांदगावपर्यंत मी तोंडाने त्याला शिव्या घालत होतो. तुझी आई म्हणाली, लोक बघताहेत."

आई आतून ओरडली, "चाळीसगावपर्यंत!"